दुसऱ्याच्या पोथीत हात घालताना

संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकला करणाऱ्यांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी काढले. आणि या पाठात कोणी पदरची ओवी घालू नये, अशी ताकीदही देऊन ठेवली.

संगणकाच्या मुक्त प्रणालींना हीच शिस्त लागू पडते. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सची संहिता सर्वांना खुली आहे. लांज्यात बसलेला मुलगाही तीत दुरुस्ती सुचवू शकतो! मात्र आधी तेथील नियम वाचावेत. एका वेळी एकच बदल, तोही तपासून, कारणासह पाठवावा. सांभाळणाऱ्याने नाकारला, तर रुसू नये. बदल सुचवणारा उद्या निघून जाईल. पुढे तो निस्तरायचा सांभाळणाऱ्यालाच!