पळणारी सेकंडहँड गाडी : शौक पुरवा, पण बोनट उघडून

ईदनंतर आमच्या परिचयातले मालेगावचे एक लूमवाले भाई मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मुलगा चोवीस वर्षांचा, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर बसतो. पाच वर्षांत पै-पै जोडून त्याने पाच लाख रुपये जमवले आणि त्याला गाडी घ्यायची आहे. बापाचे म्हणणे, वॅगन-आर घे, घरच्यांना बसता येईल, दुकानाचे कापडही जाईल. मुलाचे म्हणणे, चालणारी नको, पळणारी हवी. निवाडा आमच्यावर सोपवला. आम्ही मुलाच्या बाजूने बोललो, मात्र काही अटी घातल्या. त्या अटी आमच्या अनेक वाचक बंधूंच्या उपयोगी पडतील असे वाटल्यामुळे येथे देत आहोत. इस्राफाचा प्रश्न ज्याचा त्याने आपल्या ऐपतीवरून सोडवावा. हलाल कमाईचा, कोणाचे देणे न बुडवता केलेला शौक आम्हाला गैर वाटत नाही.

आधी पळणारी म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे अजून ‘किती सीसी’ एवढेच विचारतात. गाडीचा जोर इंजिन किती ओढते आणि त्याला किती वजन ओढायचे आहे यावर ठरतो. टर्बो लावलेले छोटे इंजिन हलक्या गाडीत बसवले की पिकअप मिळतो आणि सेकंडहँड बाजारात ती आवाक्यातही असते. किमती आम्ही मुद्दाम लिहीत नाही. मालेगावात एक भाव, मुंब्र्यात दुसरा, आणि दलाल मध्ये आला की तिसरा.

पहिली पसंती आम्ही मारुतीच्या बलेनो आर.एस.ला दिली. ही २०१७ च्या मार्चमध्ये आली आणि २०२० मध्ये बंद झाली. ९९८ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन, सुमारे १०० घोड्यांची ताकद, १५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि वजन फक्त ९५० किलो. साध्या बलेनोचा टॉर्क ११५ च्या आसपास होता, त्यावरून फरक कळावा. साध्या बलेनोशी समान असलेले बरेचसे सुटे भाग गावोगावी मिळतात. टर्बो इंजिनाचे काही भाग मात्र मागवावे लागतात. बाजारात साध्या बलेनोला आर.एस.ची अक्षरे चिकटवूनही गाड्या विकल्या जातात. ओळखायची खूण सोपी आहे. आर.सी.वर ९९८ सीसी पाहिजे आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक पाहिजेत. मागे ड्रम दिसला तर सलाम करून परत फिरावे. आणखी एक गोष्ट विक्रेता बहुधा सांगत नाही. ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपात दोष असू शकतो म्हणून २०२३ च्या एप्रिलमध्ये कंपनीने ७,२१३ आर.एस. गाड्या परत बोलावल्या होत्या. हाती येणाऱ्या गाडीचे ते काम झाले की नाही, हे अधिकृत वर्कशॉपमध्ये चेसिस नंबर देऊन विचारावे. ब्रेकचा मामला आहे, संकोच करू नये.

दुसरी फोक्सवॅगन पोलो. ही आपल्या चाकणमध्ये बनली, २०२२ मध्ये बंद झाली. २०१३ मध्ये आलेल्या जी.टी. टी.एस.आय.मध्ये १०५ घोड्यांचे १.२ लिटर इंजिन आणि सात गिअरचा ऑटोमॅटिक डी.एस.जी. गिअरबॉक्स होता. गाडी चालवायला बहारदार. पण तो गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा. शहराच्या गर्दीत रांगून रांगून तो तापतो, आणि त्यातला मेकॅट्रॉनिक नावाचा भाग गेला तर खर्च लाखाच्या वर जातो. पाच लाखांतले एक लाख असे गेले तर शौकाची चव राहत नाही. म्हणून पोलोच घ्यायची तर २०२० नंतरची, ११० घोड्यांचे १ लिटर इंजिन आणि हाताचे सहा गिअर असलेली शोधावी. महाग पडेल, पण रात्री झोप लागेल.

घाटात आणि लांबच्या वाटेवर ज्यांचे काम आहे त्यांनी फोर्ड फिगोचे १.५ लिटर डिझेल पाहावे. १०० घोडे, २१५ टॉर्क. फोर्डने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये भारतातले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केल्यामुळे लोक बिचकतात आणि भाव खाली येतो. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला त्याचे बिल मात्र मागावे. तो चालत्या गाडीत तुटला तर इंजिन उघडावे लागते. रांजणगावला बनलेली, २०१५ ची १४५ घोड्यांची अबार्थ पुंतो या सगळ्यांत जोरदार. मुलाचे डोळे तिच्यावरच होते. परंतु फियाटने इथला मोटारींचा बाजार सोडला आणि त्या टर्बो इंजिनाचे भाग मिळवता मिळवता कुर्ल्याच्या चकरा होतात. ज्याचा मामू स्वतः मिस्त्री आहे त्यानेच ती घ्यावी.

मुलाने पहिली गाडी पसंत केली ती एम.एच. ०८, म्हणजे रत्नागिरी पासिंगची बलेनो आर.एस. रंग चकचकीत, भाव कमी. आम्ही सोबत मिस्त्री नेला होता. त्याने बोनटकडे पाहिलेच नाही. पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. तळाच्या हातभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ होती. सीटखालच्या रुळांना गंज, गालिचा उचलल्यावर कुबट वास. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, तेव्हा कित्येक गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. त्यांपैकी काही धुऊन-पुसून बाजारात आल्या. अशा गाडीचे इंजिन दुरुस्त होते, वायरिंग मात्र वर्षानुवर्षे दगा देते.

विकणाऱ्याला विचारले तर म्हणाला, ‘‘तुम्ही विचारलंच नाही.’’ पैगंबर साहेबांनी (स.) बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, आणि विक्रेता पावसाचे निमित्त सांगू लागला, ही हदीस आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. ओले धान्य वर ठेवायला हवे होते. बुडालेली गाडी विकण्यास मनाई नाही, बुडालेली म्हणून सांगून त्या भावाने विकावी. जुन्या गाड्यांच्या धंद्यात आपले पुष्कळ बंधू आहेत, म्हणून हे जरा स्पष्ट लिहिले.

बाकी तपासणी थोडक्यात. मीटर मागे फिरवणे आता लॅपटॉपचे काम झाले आहे, तेव्हा आकड्यावर न जाता पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि सर्व्हिसची नोंद पाहावी. टायरवरच्या चार अंकी आकड्यात पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे असतात. गाडी थंड असतानाच चालू करायला सांगावी. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. उतारावर गिअरमध्ये सोडून मग एकदम अॅक्सिलरेटर दाबल्यावर मागे निळा धूर आला तर इंजिन किंवा टर्बो तेल पीत आहे असे समजावे. आणि ‘रीमॅप केलेली आहे, आणखी पळते’ असे कोणी अभिमानाने सांगितले तर भाव वाढवू नये, कमी करावा. पूर्वीच्या मालकाने ती किती पिळली असेल ते तोच सांगतो आहे.

पैशाबाबत आमची अट एकच होती. पाच लाख आहेत तर गाडी चार लाखांपर्यंतची घ्यायची. उरलेले एक लाख टायर, ब्रेक, तेल, विमा आणि पहिल्या सहा महिन्यांच्या दुरुस्तीसाठी. जुन्या गाडीच्या कर्जाला नव्यापेक्षा जास्त व्याज लागते, आणि आपल्याला तर व्याज मुळातच नको. कमी पडले तर थांबावे. मशीनचे किंवा दुकानाचे भांडवल गाडीत घालू नये. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, मशीन रोज कमावते.

कागदपत्रांत आपले लोक हमखास ढिलाई करतात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ते कपाटात ठेवू नयेत. घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावण्यासाठी अर्ज करावा, विमा १४ दिवसांत आपल्या नावे करावा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय बयाण्यापलीकडे रक्कम देऊ नये. विकणाऱ्यानेही बेफिकीर राहू नये. गाडी पुढे चार हात फिरली तरी अपघाताची भरपाई नोंदीवर नाव असलेल्या मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले आहे. परराज्यातली स्वस्त गाडी आणली तर एन.ओ.सी. लागते आणि इथला रस्ता कर भरावा लागतो, तो हिशेबात धरावा. धंदा करणाऱ्या नोंदणीकृत बंधूंसाठी : जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवरील जी.एस.टी. १८ टक्के झाला आहे, पण तो नफ्याच्या फरकावर, पूर्ण किमतीवर नव्हे.

मुलाने अखेर नाशिकच्या एका शिक्षकाची, एकाच हातची आर.एस. घेतली. पंपाचे काम झाल्याची नोंद वर्कशॉपमध्ये मिळाली. मागचे दोन टायर लगेच बदलावे लागले. वडील अजून म्हणतात, वॅगन-आर बरी होती. मात्र परवा येवल्याला पैठणीचा माल पाहायला ते त्याच गाडीतून गेले.