प्रकल्प मुलाचा की आईचा?

मैत्रिणींनो, शाळेत विज्ञान प्रदर्शन जाहीर झालं की तुमच्या घरी काय होतं? आमच्याकडे रात्री बारापर्यंत थर्मोकोल कापणं चालायचं. कापणारी अर्थात मी! स्वतः शिक्षिका असूनही. लेकाचा ज्वालामुखी झकास फसफसायचा, पण परीक्षकांनी "का?" विचारलं की स्वारी गप्प.

गेल्या वर्षीपासून एक निवृत्त शास्त्रज्ञ दर रविवारी शाळेत मुलांना मदत करायला येऊ लागले. मानधन नाही, चहा तेवढा घेतात. त्यांनी लेकाला विचारलं, "घरात कशाचं नवल वाटतं तुला?" तो म्हणाला, "माठातलं पाणी गार कसं होतं?" काकांनी उत्तर दिलंच नाही. म्हणाले, "कसं शोधशील?"

ऑक्टोबरच्या उन्हात दोन सारखे माठ आणले. एकाला बाहेरून तैलरंग दिला. दोन्हींत सारखंच पाणी, वर झाकण. रोज दुपारी तापमान मोजून वहीत लिहायचं. साध्या माठातलं पाणी गार व्हायचं, रंगवलेल्यातलं फारसं नाही. माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ते आतली उष्णता घेऊन जातं; रंगानं छिद्रंच बुजली होती.

एके दिवशी मात्र दोन्ही माठांत फरक जवळजवळ नाहीच! मी म्हटलं, "खोड तो आकडा, प्रकल्प बिघडेल." काकांनी वही पाहून विचारलं, "त्या दिवशी हवा कशी होती?" परतीचा पाऊस! दमट हवेत पाणी सावकाश वाळतं, हे तर आपण दोरीवरच्या कपड्यांवरून जाणतोच. मी खोडायला सांगितलेला आकडाच मोलाचा निघाला. खरं सांगते, लाज वाटली.

डॉ. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत. सही उत्तराखाली मिळे. त्यांनी १९८८ मध्ये पुण्यात उभारलेल्या 'आयुका'त शाळकरी मुलांना सुट्टीत आठवडाभर शास्त्रज्ञांबरोबर काम करायला मिळे.

तुमच्या गावातही असं कुणी सापडेल. कॉलेजातल्या प्राध्यापकांना विचारा. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या अनेक गावांत शाखा आहेत. मात्र दोन पथ्यं पाळा: कात्री मुलाच्या हाती द्या, आणि वहीतला आकडा कधी खोडायला लावू नका.

लेकाला बक्षीस नाही मिळालं. पण परीक्षकांनी "का?" विचारल्यावर तो दहा मिनिटं बोलत होता!