बाळाचा दात ‘येतो’ तेव्हा नाही, पोटात असतानाच बनतो

बाळ सहा-सात महिन्यांचं झालं की खालच्या हिरडीत पांढरा ठिपका दिसतो. दादी चमचा लावून टक टक वाजवून बघते, अम्मी फोटो काढून खालाला पाठवते. आपण म्हणतो, दात आला. पण त्या दाताचं काम वर्षाहून जास्त आधी सुरू झालेलं असतं, आईच्या पोटात.

गर्भ सहा आठवड्यांचा असताना (डॉक्टर पाळीपासून मोजतात, त्या हिशेबाने आठवा आठवडा) जबड्याच्या जागी घोड्याच्या नालेसारखी एक पट्टी तयार होते. पुष्कळ घरांत तेव्हा खुशखबर नुकतीच कळलेली असते. या पट्टीवर वर दहा, खाली दहा असे कोंब फुटतात. हेच पुढचे वीस दुधाचे दात. कोंब आधी कळीसारखा, मग टोपीसारखा, मग घंटेसारखा होतो. चौथ्या महिन्याच्या आसपास तो कडक व्हायला लागतो. आतल्या पेशी दाताचा गाभा बनवतात, बाहेरच्या पेशी त्यावर चकचकीत आवरण चढवतात. त्याला आपण इनॅमल म्हणतो.

शरीरातली सगळ्यात कडक वस्तू म्हणजे हे इनॅमल, पण ते एकदाच बनतं. दात बाहेर येईपर्यंत त्याच्या पेशी संपून जातात. हाड मोडलं तर जुळतं. किडलेलं इनॅमल परत भरून येत नाही.

जन्माची खूणही दातावर राहते. पोटातून बाहेर येणं हा शरीराला मोठा धक्का असतो. त्या दिवसांत इनॅमलची वाढ थोडी अडखळते आणि एक बारीक रेघ उमटते. रेघेच्या आतलं इनॅमल आईच्या पोटातलं, बाहेरचं या दुनियेतलं. सूक्ष्मदर्शकाखाली ती स्पष्ट दिसते. सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या पक्क्या दाढेवरही ती बहुधा सापडते, कारण त्या दाढेचा कोंबसुद्धा पोटातच धरलेला असतो. ही दाढ कुठलाही दात न पडता मागून येते, म्हणून आपण तिला दुधाची समजून किडू देतो. इथे फार घरं चुकतात.

आता दादी-नानींचं एक म्हणणं. ‘बाळाने आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढलं.’ तसं होत नाही. बाळाला कॅल्शियम मिळतं ते आईच्या खाण्यातून, आणि ते कमी पडलं तर तिच्या हाडांतून; दातांतून नाही. तरीही गरोदरपणात आईचे दात बिघडतात, कारण हार्मोनमुळे हिरड्या सुजतात आणि उलट्यांतलं आम्ल दातांवर बसतं. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये. साध्या पाण्याने चूळ भरावी, अर्ध्या तासाने ब्रश करावा. दात दुखत असेल तर ‘डिलिव्हरीनंतर बघू’ म्हणून थांबू नये. गरोदर आहे हे सांगून दातांच्या डॉक्टरांकडे जावं.

घरात पडलेली जुनी गोळ्यांची पट्टी मात्र अजिबात काढू नका. टेट्रासायक्लिन जातीची औषधं गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यानंतर घेतली, तर पोटात बनणाऱ्या दातांत उतरतात आणि दात कायमचे पिवळट-करडे होतात. साधारण आठ वर्षांपर्यंतच्या मुलांनाही तोच धोका.

आणि कधी कधी बाळ दात घेऊनच जन्माला येतं. दोन-तीन हजारांत एखादं. मग अपशकुन म्हणून कुजबुज सुरू होते आणि बिचाऱ्या बाळंतिणीला बोल लागतात. तो बहुतेक वेळा पुढचा दुधाचाच दात असतो, जरा घाईने वर आलेला. घरी ओढून काढू नका. फार हलत असेल तर घशात जायची भीती असते, जिभेला किंवा आईला टोचत असेल तर दूध पाजणं अवघड होतं. अशा वेळी लगेच डॉक्टरांना दाखवा. घट्ट असेल तर बहुधा तसाच ठेवतात, कारण तो काढला तर त्या जागी पक्का दात यायला सहा-सात वर्षं लागतात.