तिसऱ्या विषाला ‘सरावतात’ म्हणजे काय?

चेण्यात बसून तिसऱ्या-कालवांवर बोलायचं तर फार लांब जायला नको, खाडी जवळच आहे. पण आजचं उदाहरण आपण कॅनडाच्या किनाऱ्यावरचं घेऊ. तिथल्या शिंपल्यांत या गोष्टीचा नीट छडा लागलेला आहे.

शिंपल्याचं जेवण म्हणजे पाणी गाळणं. त्या पाण्यात कधी कधी अलेक्झांड्रियम नावाचं एकपेशीय शैवाल माजतं. त्यात सॅक्सिटॉक्सिन हे विष असतं. मज्जापेशींच्या आवरणात सोडियम आत घेणारी बारीक दारं असतात, ती उघडली की संदेश पुढे जातो. हे विष त्या दाराच्या तोंडाशी बुचासारखं बसतं. संदेश अडला की स्नायू लुळे, आणि माणसाचा श्वासही थांबू शकतो. बरं, अशी दारं शिंपल्यालाही असतातच. मग तो कसा तगतो?

२००५ साली ‘नेचर’मध्ये याचं उत्तर आलं. शैवाल वारंवार माजतं त्या फंडीच्या आखातातले बरेचसे शिंपले विष पचवतात. जिथे ते माजत नाही तिथले शिंपले त्याच विषाने लुळे पडतात, त्यांना वाळूत शिरता येत नाही. फरक किती? त्या दाराच्या प्रथिनात एका जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ॲस्पार्टिक आम्ल. एवढ्यावर विषाची पकड सुमारे १००० पटींनी सैल होते!

आता ‘सरावतात’ हा शब्द. कुठलाही एक शिंपला सरावत नाही, उपाय तर शोधत नाहीच. काहींत हा बदल आपसूक होता. विषाने बाकीचे मेले, यांची पिल्लं वाढली. हेतू नसताना हेतूसारखं दिसणारं काहीतरी घडलं. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना अशा ठिकाणी थांबायची खोड आहे, तुम्ही पुढे चला.

कारण पुढची गोष्ट ताटातली आहे. विष पचवणारा शिंपला ते अंगात जास्त साठवतो आणि दिसतो अगदी धडधाकट. १९९७ साली केरळात विळिंजमला शिंपले खाऊन ७ माणसं दगावली. शिजवून हे विष जात नाही. त्यावर उतारा नाही, श्वास चालू ठेवणं एवढाच इलाज. वाफेवर तिसरी उघडली म्हणजे चांगली, ही स्वयंपाकघरातली पारख विषाबद्दल काहीच सांगत नाही. विष आहे की नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं.