ध्यान, करुणा आणि ऊसतोडीचा खाडा

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते अहमदनगरच्या किल्ल्यात डांबले गेले. नेहरूंनी तिथं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे नगरच्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्याच तुरुंगात दम्याने बेजार झालेले आचार्य नरेंद्र देव वसुबंधूचा ‘अभिधर्मकोश’ फ्रेंचवरून हिंदीत आणण्याच्या कामात गढले होते, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. माणसाच्या चित्तात काय काय चालतं याचा काटेकोर हिशेब मांडणारा हा बौद्ध ग्रंथ. आणि त्याचा भाषांतरकार कोण, तर अखिल भारतीय किसान सभेचा अध्यक्ष राहिलेला समाजवादी पुढारी. मनाचा अभ्यास करायचा तर जगाकडे पाठ फिरवली पाहिजे, ही समजूत निदान या एका कैद्याने तरी मानली नव्हती.

आता किल्ल्याच्या गावाचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, आणि बौद्ध ध्यान ‘माइंडफुलनेस’ या नावाने मोबाइलच्या ॲपवरून घरोघरी पोचलं आहे. सोबत गैरसमजही पोचले आहेत.

‘मनातले विचार थांबले पाहिजेत’

सगळ्यात जास्त लोक इथंच हरतात. दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं, मनात गॅसची शेगडी, कांद्याचा भाव आणि सासूचं बोलणं येऊन गेलं की ‘आपल्याला काही जमत नाही’ म्हणून उठायचं. पण सतिपट्ठान सुत्त या मूळ प्रवचनात विचार थांबवण्याची अट घातलेलीच नाही. चित्तात लोभ असेल तर लोभ आहे हे ओळखावं, द्वेष असेल तर द्वेष आहे हे ओळखावं, चित्त विखुरलेलं असेल तर तसं ओळखावं, एवढंच साधकाला सांगितलं आहे. मन भटकलं हे ज्या क्षणी लक्षात येतं, तो क्षण सरावात धरला जातो, नापासांत नाही. आणि भटकणं ही कुणा एकट्याची खोड नव्हे. अमेरिकेतल्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांना फोनवरून अधूनमधून गाठून विचारलं, तेव्हा जवळजवळ ४७ टक्के वेळा त्यांचं मन हातातल्या कामावर नव्हतं.

नुसती एकाग्रता म्हणजेही सम्यक स्मृती, म्हणजे बौद्ध अर्थाचं भान, नव्हे. खिसेकापूही माळीवाड्याच्या बसस्थानकावर पूर्ण एकाग्र असतो. काय करतो आहोत आणि कुठल्या हेतूने, याचं भान बौद्ध सरावात धरलेलं आहे.

‘हे भिक्खूंचं किंवा रिकाम्या वेळेचं काम’

या समजुतीचा समाचार जरा सविस्तर घ्यायला हवा, कारण तिच्याविरुद्धचा पुरावा भरपूर आहे आणि त्यात गंमतही आहे.

सतिपट्ठान सुत्तच वाचून पाहावं. श्वासाच्या निरीक्षणानंतर लगेच चालणं, उभं राहणं, बसणं, झोपणं येतं. मग हात लांब करणं आणि आखडणं, खाणं, पिणं, चावणं, बोलणं, गप्प राहणं. मलमूत्रविसर्जनसुद्धा भान ठेवण्याच्या कृतींच्या यादीत आहे. गुळगुळीत पोस्टरांवर हा भाग सहसा छापत नाहीत. हे प्रवचन कुरुदेशात झालं. त्यावरच्या जुन्या पाली अट्ठकथेत, म्हणजे भाष्यात, तिथल्या लोकांचं वर्णन आहे: दास आणि मजूरदेखील या सरावाची चर्चा करत, पाणवठ्यावर आणि सूत कातण्याच्या जागी बायका एकमेकींना ‘तू सध्या कशाचं स्मरण ठेवतेस?’ असं विचारत, आणि जी ‘कशाचंच नाही’ म्हणेल तिला बोलणी बसत. याच अट्ठकथेत भिक्खुणींनी पाळलेला एक पोपटही आहे, हाडांचं चिंतन करणारा. ससाण्याने उचलून नेलं तेव्हाही त्याचं चिंतन सुटलं नाही. इतकी निष्ठा कुणाकडून मागू नये, पण कथा सांगणाऱ्यांना हा सराव विहाराच्या भिंतीत कोंडायचा नव्हता, हे उघड आहे.

हरिश्चंद्रगडाच्या दक्षिणेला, नगर जिल्ह्याची हद्द ओलांडली की जुन्नर लागतं. तिथल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध लेण्यांतले शिलालेख दान कुणी दिलं ते सांगतात. त्यात धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची आणि बांबूकाम करणाऱ्यांचीही आहे, शिवाय काही यवन आहेत. लेण्यात राहत भिक्खू. लेणं चालत होतं ते बाजारपेठेच्या पैशावर.

आजची विपश्यना ज्या परंपरेतून महाराष्ट्रात आली, तीही संसारी माणसांचीच आहे. ब्रह्मदेशातले सया थेटजी शेतकरी होते. त्यांचे शिष्य ऊ बा खिन १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले आणि आपल्याच कचेरीत कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवू लागले. सरकारी हिशेबतपासनीस आणि ध्यानाचा आचार्य एकाच खुर्चीत. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका मंडालेतले व्यापारी. अर्धशिशीने हैराण होऊन ऊ बा खिन यांच्याकडे गेले, १९६९ मध्ये भारतात आले, आणि कळसूबाईच्या पलीकडे इगतपुरीला धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरं सुरू झाली. मराठीत तर हा विषय त्याआधीच आला होता. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी लंका-ब्रह्मदेश पालथे घालून पाली शिकले आणि त्यांनी १९२५ मध्ये ‘समाधिमार्ग’ हे पुस्तक लिहिलं. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला तो १९७९ साली. तेव्हा ‘हे अमेरिकेतून आलेलं फॅड’ म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात.

‘औषधापेक्षा हे बरं’

नाही. २०१४ मध्ये एका नामवंत अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्या आणि ३,५१५ माणसांचा एकत्र आढावा छापून आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने थोडा ते मध्यम फरक पडतो, पण व्यायाम किंवा औषधांपेक्षा ते सरस ठरत नाही, असं त्यात निघालं. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला: वर्गात शिकवलेल्या माइंडफुलनेसचा नेहमीच्या अभ्यासक्रमापेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. काहींना दीर्घ मौनाच्या शिबिरात घबराट, निद्रानाश, जुन्या आघातांच्या आठवणी असा त्रासही होतो. म्हणून गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी दहा दिवसांचं शिबिर करू नये असं विपश्यना केंद्रंच सांगतात. चालू असलेली गोळी ध्यानाच्या भरवशावर बंद करायची नाही. तो निर्णय डॉक्टरांचा.

‘करुणा म्हणजे हळहळ’

बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात प्रत्येक सद्भावनेचे दोन शत्रू सांगितले आहेत, एक लांबचा आणि एक जवळचा. करुणेचा लांबचा शत्रू क्रौर्य, हे कुणालाही सुचेल. जवळचा शत्रू म्हणून त्याने नाव घेतलं आहे ते शोकाचं. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून जास्त फसवतो. दुसऱ्याच्या दुःखाने स्वतःच कोलमडलेला माणूस मदतीला उठू शकत नाही. ओल्गा क्लिमेकी आणि तानिया सिंगर या संशोधकांच्या प्रयोगांतही हेच दिसलं: दुसऱ्याचं दुःख नुसतं भोगायला शिकवल्यावर माणसं खचली, करुणेचा सराव दिल्यावर सावरली.

विनयपिटक या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातला प्रसंग याहून बोलका आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता, कुणी विचारत नव्हतं. बुद्धाने आपल्या शिष्याला, आनंदाला, पाणी आणायला सांगितलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदाने अंग धुतलं, दोघांनी डोक्याकडून-पायाकडून उचलून त्याला मंचकावर निजवलं. प्रवचन त्यानंतर. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी, अशा अर्थाचं.

नगरजवळ शिंगव्यात रस्त्यावरच्या मनोरुग्ण महिलांना सांभाळणारी माउली सेवा प्रतिष्ठान ही डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची संस्था बौद्ध म्हणवत नाही. पण रोज अंघोळ, औषध, जेवण हे काम पाहिलं की विनयपिटकातला पाण्याचा घडा कशासाठी होता ते कळतं.

‘जे आहे ते स्वीकारा’

हा गैरसमज सर्वांत सोयीचा, विशेषतः वरच्या जागी बसलेल्यांना. डॉ. आंबेडकरांनी १९५६ च्या मे महिन्यातल्या बीबीसीवरच्या भाषणात बौद्ध धम्म आपल्याला का आवडतो ते सांगताना प्रज्ञा, करुणा आणि समता अशी तीन तत्त्वं एकत्र मांडली. समता गाळून करुणा घेण्याची सोय त्यात नाही. नगर जिल्ह्यात हे त्यांनी आधीच कृतीतून दाखवलं होतं: १६ डिसेंबर १९३९ रोजी हरेगावला महार वतनदारांची परिषद झाली ती गावकीच्या वेठीविरुद्ध. मन शांत ठेवून वेठ करत राहा, असं तिथं कुणी सांगितलं नाही.

सिगालोवाद सुत्तात तर थेट मालक-मजुराचा मामला आहे. राजगृहातला सिगाल नावाचा तरुण ओल्या कपड्याने सहा दिशांना नमस्कार करत होता. बुद्धाने त्याला दिशांचा नवा अर्थ दिला. खालची दिशा म्हणजे नोकर आणि मजूर. मालकाची पाच कर्तव्यं सांगितली: झेपेल तेवढंच काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड असेल ते वाटून खावं, वेळेवर सुट्टी द्यावी.

हे याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावात वाचावं. दसरा झाला की तिथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेलं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. बाई तापाने फणफणली, पाळीने बेजार झाली, तरी फडात गेली नाही तर खाडा धरला जातो आणि पैसे हिशेबातून कापले जातात. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तेव्हा या खाड्याच्या भीतीचीही चर्चा झाली. कोपीत राहणाऱ्या बाईला श्वासावर लक्ष ठेवायला शिकवणं सोपं आहे. सिगालाला सांगितलेलं तिसरं आणि पाचवं कर्तव्य ट्रॅक्टरमालकाला, मुकादमाला आणि कारखान्याच्या संचालकाला शिकवणं अवघड, आणि नेमका तोच भाग माइंडफुलनेसच्या कार्यशाळांत नसतो.

मजुराचीही पाच कर्तव्यं त्या सुत्तात आहेत: मालकाच्या आधी उठणं, त्याच्यानंतर निजणं, दिलं तेवढंच घेणं, काम चोख करणं, मालकाचं नाव राखणं. यातली पहिली दोन फडात कुणाला शिकवावी लागत नाहीत. तिथं मध्यरात्रीही गाडी भरायला उठावं लागतं.