गुलाबी लेप आणि चुन्याची निवळी

खाऱ्या पाण्याच्या टाकीत समुद्री जीव पाळणाऱ्यांची एक इच्छा हमखास असते. दगडांवर आणि मागच्या काचेवर गुलाबी-जांभळा, कडक लेप चढावा! हा लेप म्हणजे कोरलाइन शैवाल. पुष्कळदा मात्र महिनोन्‌महिने वाट पाहूनही दगड पांढरेच राहतात. असे का व्हावे? याचे उत्तर शाळेच्या प्रयोगशाळेतील एका ओळखीच्या बाटलीत सापडते.

प्रथम या शैवालाची ओळख करून घेऊ. ते लाल शैवालांपैकी आहे. त्याच्या पेशीभित्तिकांत कॅल्शियम कार्बोनेट साठते आणि त्यात मॅग्नेशियमही बरेच असते. या दगडी रूपामुळे लिनियसनेही अशा शैवालांना प्राण्यांत गणले होते. त्या वनस्पती आहेत हे फिलिप्पी या जर्मन शास्त्रज्ञाने १८३७ मध्ये दाखवून दिले. प्रवाळभिंतीचे सुटे तुकडे हीच शैवाले सिमेंटसारखी सांधतात. अनेक प्रवाळांच्या अळ्याही स्थिरावण्यासाठी त्यांचाच पृष्ठभाग निवडतात.

आता थोडा हिशेब करू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम, म्हणजे १० मिलिमोल कॅल्शियम असते. अल्कता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटचा साठा, अवघी २.३ मिलिमोलच्या आसपास असते. कॅल्शियम कार्बोनेटचा एक रेणू तयार होताना एक कॅल्शियम आयन आणि दोन बायकार्बोनेट आयन खर्च होतात. समजा, लिटरमागे अर्धा मिलिमोल लेप तयार झाला. कॅल्शियम २० मिलिग्रॅमने, म्हणजे केवळ ५ टक्क्यांनी घटले. अल्कता मात्र २.३ वरून १.३ वर, म्हणजे ४० टक्क्यांहून अधिक उतरली! पाळणारे कॅल्शियम मोजून निश्चिंत राहतात, आणि लेपाची वाढ अल्कतेअभावी थांबते. म्हणून मोजायची ती आधी अल्कता.

दोन्ही पदार्थ योग्य प्रमाणात एकदम देणारा उपाय म्हणजे चुन्याची निवळी. निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग आपण वर्गात करतो. पण तेथेच न थांबता फुंकत राहिलो, तर ती पुन्हा नितळ होते. अविद्राव्य कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट झालेले असते. टाकीत निवळी थेंब-थेंब सोडली की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हेच काम करतो. शैवाल त्याच्या उलट क्रियेने चुना परत घट्ट करते.

एक लिटर पाण्यात शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड दीड ग्रॅमच्या आसपासच विरघळते. गाळ बसू द्यावा आणि वरची निवळी बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी हळूहळू द्यावी. शक्यतो रात्री द्यावी, कारण प्रकाशसंश्लेषण थांबल्याने तेव्हा पाण्याचा सामू उतरलेला असतो. निवळीचा सामू १२ च्या वर असतो. ती घाईने ओतल्यास सामू उसळतो आणि चुना लेपाऐवजी गाळ होऊन तळाशी बसतो. डोळ्यांना तर ती घातकच आहे, म्हणून विद्यार्थ्यांना चष्मा लावायला सांगावे.

आणखी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मॅग्नेशियम लिटरला १३०० मिलिग्रॅमच्या आसपास असावे, कारण त्यामुळे चुना आपोआप साकळत नाही. फॉस्फेट कमी ठेवावे. ते स्फटिक बनण्यात अडथळा आणते आणि मऊ हिरव्या शेवाळाला पोसते. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी येथे उपयोगी पडतात. तिसरी गोष्ट म्हणजे बीज. बीजाणूंवाचून लेप उगवणार नाही. त्यासाठी एखाद्या जुन्या टाकीच्या काचेवरून खरवडलेले तुकडे पुरतात.

शाळेच्या टाकीत प्रवाळ नकोतच. भारतात भित्ती बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते समुद्रातून तोडून आणणे गुन्हा आहे. दगड, गोगलगायी आणि गुलाबी लेप एवढ्यावरही सारे रसायनशास्त्र शिकवता येते.

शेवटी एक प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. जास्त फुंकल्यावर निवळीतला चुना विरघळला. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तर समुद्रात काय होईल? औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या वरच्या थराचा सामू ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला आहे. मॅग्नेशियमयुक्त चुना इतर प्रकारांपेक्षा लवकर विरघळतो. त्यामुळे या बदलाची झळ ज्यांना आधी लागते, त्यांत प्रवाळभिंत सांधणारे हे शैवाल आहे.