शेपटीच्या चाकाचे विमान

जुन्या घडणीचे विमान जमिनीवर उभे असले म्हणजे त्याचे नाक आभाळाकडे आणि शेपटी जमिनीशी टेकलेली दिसते. पंखांखाली दोन मोठी चाके, शेपटीखाली एक लहानसे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी आपले जवान घेऊन श्रीनगरला उतरलेली डाकोटा विमाने याच जातीची. डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगलोरला तयार झालेले आणि १९५१ साली प्रथम उडालेले एच. टी. २ हेही तसलेच. हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी त्यावर श्रीगणेशा गिरवला. आता बहुतेक विमानांचे तिसरे चाक नाकाखाली असते. तरी खडबडीत मैदानावर उतरण्यासाठी शेपटीचे चाक अजून उपयोगी पडते.

हे विमान हवेत इतर विमानांसारखेच वागते. त्याचा खोडकरपणा जमिनीवर दिसतो. असे का बरे व्हावे?

बैल सोडलेली गाडी जू धरून ओढा. ती मुकाट मागून येते. तीच जू धरून मागे रेटू लागा. आता जोर चाकांच्या मागून लागतो. गाडी जरा वाकडी झाली की आणखी वाकडी होत जाते. या विमानाचेही तेच. त्याचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे असतो. धावताना नाक थोडे वळले, तर मागचे वजन सरळ जाऊ पाहते आणि शेपटीला बाजूला फेकते. वेळीच आवरले नाही, तर विमान गर्रकन फिरते, पंख जमिनीला घासतो, चाकाचा पाय मोडतो. याला वैमानिक ‘ग्राउंड लूप’ म्हणतात.

म्हणून पहिला धडा पायांचा. सुकाणू पायांनी हलते. विमान वळू लागताच उलट पाय द्यायचा, थोडाच, आणि लगेच काढून घ्यायचा. उशिरा दिलेला मोठा पाय विमानाला दुसऱ्या बाजूला फेकतो.

जमिनीवर चालताना उंच नाकाआड समोरचे दिसत नाही. म्हणून नागमोडी जावे. ब्रेक जोरात दाबू नयेत, नाहीतर विमान नाकावर पडते. वारा समोरून असेल तर दांडा मागे ओढून शेपटी दाबून ठेवावी. मागून असेल तर पुढे करावा.

उड्डाणाच्या वेळी शेपटी उचलताच नाक एका बाजूला ओढ घेते. वैमानिकाच्या जागेवरून पाहता पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर ही ओढ डावीकडे असते. तेव्हा उजवा पाय तयार हवा.

उतरण्याच्या रीती दोन. पहिलीत वेग इतका कमी करतात, की पंखांची उचल संपतासंपता तिन्ही चाके एकदम टेकतात. दुसरीत मोठी चाके आधी टेकवून, वेग उतरल्यावर शेपटी खाली घेतात. चाके आदळली तर शेपटी खाली जाते, नाक वर होते, पंखांना पुन्हा उचल मिळते आणि विमान उसळते. मोठी उसळी बसली तर हट्ट धरू नये; इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जावे. वारा आडवा असेल तर वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवावा आणि उलट पाय देऊन नाक धावपट्टीच्या रेषेत राखावे.

खरी गोम पुढेच आहे. चाके टेकली की नवशिक्याला हायसे वाटते, पाय सैल पडतात. पण वेग उतरतो तसा सुकाणूवरचा वाऱ्याचा जोरही ओसरतो. अनेक विमाने फिरतात ती याच वेळी. म्हणून विमान थांबून इंजिन बंद होईपर्यंत उड्डाण चालू आहे, असेच समजायचे.